साळूबाईला बँकेत बोलावलंय

गावाचं नाव सांगत नाही, बँकेचंही सांगत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या शिवेवर एक बाजारगाव होतं, तिथल्या पेठेत दोन गाळ्यांत एक सहकारी बँक होती आणि त्या बँकेत धोंडिराम शिपाई होता, एवढ्यावर भागवून घ्या.

धोंडिराम तिथं लागला एकोणीसशे साठ साली. त्याच्या आधी त्याच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या गावकी केली. म्हणजे काय, तर गावात कुणी मेलं की ऊन म्हणायचं नाही, पाऊस म्हणायचा नाही, सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन पळायचं. त्यांच्या दारात लांब उभं राहून ओरडून सांगायचं की तुमची अमकी गेली, आणि पदरात पडेल ती भाकरी घेऊन माघारी फिरायचं. छप्पन्न सालानंतर वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली तशी ही कामं सोडून दिली. बाप म्हणाला, "माझं पाय झिजलं तेवढं बास झालं. माझं पोरगं कुनाचं मढं सांगत हिंडनार न्हाई." मग धोंडिराम रात्रीच्या वर्गात बसून सही करायला आणि अडखळत वाचायला शिकला, आणि कुणाच्या तरी चिठ्ठीवर बँकेत चिकटला. खाकी कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, महिन्याच्या महिन्याला पगार. वस्तीत त्याचं कोण कौतुक!

आणि गंमत बघा, बँकेत शिरला तरी सांगावेच त्याच्या गळ्यात पडले. बँकेला तीस-पस्तीस खेडी लागायची. कुणाची मुदत संपली, कुणाचा चेक वटला, कुणाची सही राहिली, हे कळवायचं तर पोस्टकार्डाला पैसे पडतात, आणि कार्ड गेलं तरी ते वाचणार कोण? म्हणून साहेबांनी सोपी रीत पाडली होती. बाजारादिवशी त्या त्या गावचा माणूस पेठेत सापडतोच. त्याला गाठायचं आणि सांगून धाडायचं. "आवं, तुमच्या आळीतल्या आकारामाला म्हनावं, उसाचं पैसं जमा झालं!" असं धोंडिराम मेथीच्या पाट्यांमधून ओरडायचा आणि पलीकडून "सांगतो गड्या!" असं उत्तर यायचं. कुणाचं किती आलं आणि कुणाचं किती गेलं, सगळ्या पेठेला तोंडपाठ.

त्यात काही वावगं आहे असं ना बँकेला वाटलं ना खातेदारांना. बँकेनं गिऱ्हाइकाची गोष्ट पोटात ठेवायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. ज्यांना धोंडिरामच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना त्याच्या तोंडचा सांगावा मात्र बिनदिक्कत चालायचा. याचा धोंडिरामला राग यायचा का? खरं सांगायचं तर नाही. उलट छाती फुगायची. इतक्या वर्षांत त्याचा एक सांगावा चुकला नव्हता. कोण कुणाचा, कुणाचं माहेर कुठलं, कुणाच्या अंगावर कसला वण, सगळं त्याच्या डोक्यात.

साळूबाई बँकेत आली ती सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात. चोवीस-पंचवीसची असेल. कपाळ मोकळं आणि कडेवर तीन वर्षांची सुली. नवरा नाथाजी पलटणीत होता, आदल्या वर्षीच्या लढाईत पंजाबकडं पडला. पेन्शन मनिऑर्डरनं सासरी यायची आणि थोरला दीर लालासाहेब ती हातात येऊ द्यायचा नाही. एकरकमी पैशाचा कागद मात्र ती माहेरी असताना तिथल्या पत्त्यावर आला. आईला बरोबर घेऊन ती सांगलीच्या कचेरीत गेली आणि चेक स्वतः घेऊन आली. सासरी कुणाला पत्ता नाही. लालासाहेब समजून होता की पैसे अजून दिल्लीतच अडकलेत.

बँकेत नवीन खात्याला ओळखीची सही लागते. साळूबाई तासभर बाकावर बसून राहिली. ओळखीचे चार जण येऊन गेले, तेवढ्या वेळा तिनं पदर पुढं ओढून तोंड भिंतीकडं केलं. हॉल रिकामा झाला तशी ती धोंडिरामला म्हणाली, "मामा, तुमी सही करता का माझ्या वळखीची?"

मामा! मराठ्याच्या घरातल्या बाईनं त्याला मामा म्हणावं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. काउंटरमागं भाऊसो क्लार्क हसला. "शिपाई साक्षीदार? करू दे की, आपल्याला काय." धोंडिरामनं हात धोतराला पुसावा तसा विजारीला पुसला आणि सावकाश सही केली. साळूबाईनंही केली. चौथी झालेली होती, अक्षर गोल आणि ठळक. ओळखीची खूण म्हणून भाऊसोनं डाव्या भुवईवरचा वण लिहून घेतला. तीन हजार रुपये एका वर्षाच्या मुदतीनं ठेवले, आणि पावतीही बँकेतच राहू दे म्हणाली, घरी ठेवायला जागा नव्हती.

निघताना तिनं काउंटरपाशीच धोंडिरामला सगळं सांगितलं, भाऊसोच्या कानावरही ते पडलं. सांगलीत बायकांची एक संस्था होती. चौथी झालेल्या विधवा, टाकलेल्या बायका, अशांना दोन वर्षं ठेवून घ्यायचे, सातवीला बसवायचे आणि मग नर्सबाईच्या शिक्षणाला धाडायचे. लेकरू बरोबर ठेवता यायचं, फक्त दोघींचे राहण्या-जेवणाचे पैसे भरावे लागायचे. पुढच्या जूनमध्ये तिला जागा देतो म्हणाले होते, पंधरा तारखेच्या आत यायचं. "वरीस भरलं की मी येतीया मामा. तवर आमच्या गावाला कायबी सांगून धाडू नका. घरात कळलं तर माझं संपलं."

"न्हाई धाडत बाय," धोंडिराम म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

वर्ष सरलं. मे महिन्यात मुदत संपली. साळूबाई आली नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. त्यांच्या गावचा माणूस म्हणाला की सुलीला गोवर निघालाय, आई उंबऱ्याबाहेर पडत नाही. इकडं भाऊसो म्हणाला, "त्या बाईचं व्याज थांबलं रं." धोंडिरामचा जीव खालीवर व्हायला लागला. व्याजाचं मरू दे, पण पंधरा जून जवळ आली होती. ही बाई तारीख विसरली तर? पोरीच्या दुखण्यात दिवसांची गणती राहिली नसेल तर? जागा गेली म्हणजे पुन्हा कोण देतंय?

तिला दिलेला शब्द तो विसरला होता असं नाही. चांगले दोन दिवस त्यानं विचार केला. कार्ड धाडावं तर पोस्टमन ते अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचणार. स्वतः जावं, तर बौद्धवस्तीतला शिपाई मराठ्याच्या दारात तरण्या विधवेची चौकशी करतोय, म्हणजे तिची अब्रू गेली आणि याचीही पाठ सोलून निघाली. मग त्याला आक्काताई आठवली. साळूबाईच्याच आळीतली म्हातारी, बाजारात लिंबं विकायची. बोलण्यात मोजकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो तिच्या पाटीपाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आक्का, साळूबाईला म्हनावं, बँकेत बोलिवलंय. तेवढंच. आन् येकटीलाच सांगा बरं का."

"सांगते की रं. मी काय दवंडी पिटते व्हय?"

किती आहेत, कशाचे आहेत, एक अक्षर तो बोलला नाही. सावध माणसानं जेवढं सावध राहावं तेवढा राहिला. आणि आक्काताईनंही शब्द पाळला. दोन लिंबं घेऊन पोरीला बघायला म्हणून गेली आणि साळूबाईच्या कानाला लागून तेवढंच सांगितलं. आता भरल्या घरात कुणी कुणाच्या कानाला लागलं की बाकीच्यांचे कान उभे राहतात. लालासाहेबाच्या बायकोनं दारात म्हातारीला विचारलं, काय गं आक्का, काय कुजबुज? म्हातारी म्हणाली, "काय न्हाई बाई, बँकेत बोलिवलंय तिला." तिच्या हिशेबी त्यात लपवण्यासारखं काय होतं? बँकेनं बाकी सगळ्यांना भर बाजारात बोलावलेलं तिनं जन्मभर ऐकलं होतं. एकटीला सांग म्हणजे ओरडू नको, असं ती समजली.

पुढच्या बाजारादिवशी लालासाहेब बँकेत आला. पांढरं धोतर, जाकीट, कानात अत्तराचा फाया. भाऊसोनं उठून खुर्ची दिली आणि धोंडिरामला चहाला पिटाळलं. धोंडिराम चहा घेऊन आला तेव्हा भाऊसोच्या पुढ्यात मोठं लेजर उघडलेलं होतं.

"भावजयीचं व्हय? बसा की, बघून सांगतो. हां, हे बघा, साळूबाई नाथाजी. तीन हजार, मुदत गेल्या म्हयन्यात सपली."

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. धोंडिरामनं चहा लालासाहेबापुढं ठेवला. तो म्हणाला, "भाऊसो, ते बाईंच्या नावावर हायत. त्यांनी सांगू नका म्हटलं हुतं."

"आरं, हे काय परकं हायत का? घरच्या मानसापासनं काय लपवायचं?" भाऊसो म्हणाला. त्यात खोडसाळपणा नव्हता हो, हेच तर दुखणं आहे. त्याला खरंच तसं वाटत होतं. वर त्यानं आठवून सांगितलं, "सांगलीला शिकायला जानार म्हनत हुत्या वैनी. संस्थेत न्हवं का?"

लालासाहेबानं चहा पूर्ण प्यायला. मिशा पुसल्या. "बरं झालं सांगितलंसा," म्हणाला आणि गेला.

चौथ्या दिवशी तो साळूबाईला घेऊन आला. सुली बरोबर नव्हती, तिला घरी ठेवून घेतली होती. भाऊसोनं पावती काढून पुढं सरकवली आणि मागं सही करायला सांगितलं. साळूबाईनं टाक घेतला, सही केली. भाऊसोनं ती जुन्या सहीशी लावून बघितली आणि भुवया वर केल्या. जुनी सही गोल आणि ठळक होती. पावतीवर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या, पहिलीतल्या पोरानं ओढाव्यात तशा.

"बाई, सही जुळत न्हाई. पुन्यांदा करा."

तिनं पुन्हा केली. पुन्हा तेच.

"हात कापतोय," ती म्हणाली. हात अजिबात कापत नव्हता.

"मुद्दाम करतीया ही!" लालासाहेब गरजला. पण भाऊसोनं मान हलवली. "जुळल्याबिगर पैसं देता येत न्हाईत, लालासाहेब. नियम हाय." सगळ्या हॉलला लेजर वाचून दाखवणाऱ्या माणसाला हा एक नियम मात्र पक्का ठाऊक होता. लालासाहेबाचा चेहरा काळा पडला. धोंडिराम पाण्याच्या माठाशी उभा होता. पोरीनं काय डोकं लढवलं हे त्याला कळलं आणि त्याच्या मनात आलं, शाब्बास.

तेवढ्यात भाऊसोनं कपाळाला हात लावला. "थांबा की! वळख कुनाची हाय हिला? धोंडिरामची. धोंडिराम, हिकडं ये. तू साक्षीदार. हीच का रं ती बाई? तू सांगितलंस की आमी दुसरी सही घिऊन भागवतो."

धोंडिराम काउंटरपाशी आला. साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं. हात जोडले नाहीत, डोळ्यांत पाणी आणलं नाही. नुसतं बघितलं. "मला नक्की सांगता येत न्हाई," एवढं त्यानं म्हटलं की झालं. तेवढ्यानं आजचा दिवस टळेल, परवा ती कशी तरी निसटेल, पंधरा तारखेला अजून आठवडा आहे. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं. साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते. धोंडिराम भ्याला म्हणावं तर तसंही नाही. भ्याला असता तर निदान थांबला तरी असता. त्याचं तोंड आपसूक उघडलं.

"व्हय, हीच की. साळूबाई, नाथाजींची. म्हायेर भिलवडीकडं. डाव्या भुवईवर वण हाय बघा."

भाऊसोनं कागदावर बघितलं, मग तिच्या भुवईकडं बघितलं. "जुळतंय," म्हणाला.

साळूबाईनं तिसरी सही केली, कशी केली ते भाऊसोनं बघितलंही नाही. पैसे लालासाहेबाच्या पिशवीत गेले. जाताना ती धोंडिरामच्या अगदी अंगावरून गेली, पण मान वर केली नाही. आठ दिवसांच्या आत लालासाहेबाच्या विहिरीवर नवं इंजिन धडधडायला लागलं, आणि साळूबाईला माहेरी जायचीसुद्धा बंदी झाली. ही बातमी बाजारानंच आणली.

धोंडिरामला त्याचं काय झालं? मीही हे त्याला म्हातारपणी विचारलं. तो म्हणाला, काहीच झालं नाही. त्या दिवशी त्यानं ग्लास विसळले, लेजरं कपाटात लावली, दाराला कुलूप घातलं. घरी जाऊन जेवला. झोपही लागली. आपल्याला वाईट वाटायला पाहिजे हे त्याला कळत होतं, आणि तो त्याची वाट बघत होता. पण ते येईचना. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तर कळतो पण दुखत नाही, तसं चाललं होतं. बायको म्हणाली, बोलत का नाहीसा? तो म्हणाला, बोलतोय की. बाजारादिवशी साहेबांनी नावं दिली तशी त्यानं माणसं गाठली आणि सांगावे धाडले. आवाज तेवढाच मोठा होता.

दर शनिवारी बँकेच्या कागदांची थैली घेऊन तो एस.टी.नं सांगलीला मोठ्या कचेरीत जायचा. त्या जूनमध्ये असंच थैली देऊन झाल्यावर तो स्टँडकडं न वळता विचारत विचारत त्या संस्थेत गेला. कशाला गेलो ते माहीत नाही, म्हणायचा. साळूबाईनं धाडलं नव्हतं. मरणाचा सांगावा पोचवल्याशिवाय आपल्या बापाला अन्न गोड लागायचं नाही, तसलं काही असेल.

संस्थेच्या बाई चष्मा लावून टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात वही. त्यानं दारातूनच सांगितलं, "साळूबाई नाथाजी येनार न्हाईत."

"आत या, बसा," बाई म्हणाल्या. तो आत आला पण बसला नाही. बाईंनी नाव शोधलं. "हिची जागा मी वर्षभर धरून ठेवली आहे. का येणार नाही? पैशाची अडचण आहे का? जवानाची बायको आहे ती, मी कमिटीला सांगून पैसे माफ करून घेईन."

धोंडिराम वहीतलं ते नाव अडखळत वाचत होता.

"घरचे सोडत नाहीत का? तसं असेल तर स्पष्ट सांगा. मी त्यांना पत्र घालते. नाहीतर आमचा माणूस पाठवते त्यांच्याकडे."

सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. लालासाहेब, इंजिन, वाकडी सही, घरी ठेवून घेतलेली सुली. पण त्याला अंगणात वाचलं जाणारं पत्र दिसलं, आणि लालासाहेबाच्या ओसरीवर जाऊन बसलेला संस्थेचा माणूस दिसला. मी बोललो की तिचं वाटोळं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं तोंड मिटलं.

"मला ठाव न्हाई."

"तुम्ही तिचे कोण?"

"कोन न्हाई. बँकेत शिपाई हाय."

"मग बँकेत तरी काही कळलं असेल ना?"

"बँकेतलं भाईर सांगत न्हाईत, बाई," धोंडिराम म्हणाला.

बाईंनी टाक उचलला. मग त्या जरा चिडल्या. चिडणारच. "या बायकांसाठी आम्ही जागा अडवून ठेवतो आणि ऐन वेळी यांचं मन फिरतं. मला कारण तर लिहिलंच पाहिजे." त्यांनी टाक बुडवला, नावावर रेघ मारली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "स्वतःची इच्छा नाही." मान वर करून त्यांनी विचारलं, "असंच लिहू ना?"

बाहेर बाकावर एक बाई लेकरू मांडीवर घेऊन जागा मिळते का म्हणून सकाळपासून बसली होती. धोंडिराम खाली बघत उभा राहिला. बाईंनी शाई टिपली आणि बाहेरच्या बाईला आत बोलावलं.